बाईंनी तोललेले बारदान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण हाती पडले आणि सर्वप्रथम आठवला तो कार्यालयासमोरचा व्हरांडा आणि तिथला वजनकाटा. १९९५ साली केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली आणि महिन्यात ८० टक्के हजेरी असलेल्या प्राथमिक विद्यार्थ्याला ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळू लागला.

मी चौथीत असताना पोती उतरवून देणाऱ्या माणसाला सहीची घाई झाली होती. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी मात्र एक पोते रिकामे करवून नुसते बारदान काट्यावर ठेवले आणि अर्ध्या किलोहून थोडे अधिक भरलेले ते वजन प्रत्येक पोत्यामागे वजा करून माझ्याकडून नोंदवहीत लिहून घेतले. "बारदान कोणी शिजवत नाही, दादा. जेवढा तांदूळ उतरला, तेवढ्याचीच सही मिळेल," असे त्या शांतपणे म्हणाल्या. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांमागे फिरल्याने माझ्या बाकावरच्या मुलाची हजेरी भरली नव्हती. त्याच्यासाठी बाईंनी वरिष्ठांना लिहिलेल्या अर्जाची प्रत मीच सुवाच्य अक्षरात काढली होती. त्याचे उत्तर आल्याचे मला आठवत नाही.

वकिलीची सनद घेतल्यावर मी दिवाणी न्यायालयात मिळकतीच्या वाटपाचे दावे चालवीत होतो आणि आयुष्यभर तेच करणार होतो. शिधापत्रिकेतून नाव वगळले गेलेल्या एका वृद्धेचे काम आले, त्यासाठी जुने निवाडे चाळताना सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश वाचला. शाळेत किमान ३०० उष्मांकांचे शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस द्यावे, असे त्यात बजावले होते. त्या रात्री मला बाईंचा काटा दिसत राहिला. हळूहळू दावे सुटले आणि अन्नधोरण हेच माझे काम झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील दरडोई ५ किलो धान्य घरात खरोखर ५ किलोच पोहोचते का, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे ज्या दिवशी आहार शिजला नाही त्याचा भत्ता पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळतो का, हे मी तपासतो. प्रत्येक टिपणात निव्वळ वजनाचा रकाना मी आग्रहाने घालतो. तो बाईंचा आहे.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा खिचडीचा वास दरवळत होता, त्याने मन भरून आले. काटा मात्र व्हरांड्यात नव्हता, याचे वाईट वाटले. ती नोंदवही एखाद्या कपाटात शिल्लक असेल, तर महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवावी, अशी समितीला माझी कळकळीची विनंती आहे.