वसईचा ब्रदर, कोचाबांबाची शाळा

घरून फोन आला की पहिला प्रश्न जेवलास का, आणि दुसरा, "मग, काम सुरू झालं का?" आता काय सांगणार. मिशनरी म्हणून दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाला पाठवलंय म्हटल्यावर आमच्या वाडीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर जंगल, होडी, गळ्यात क्रूस आणि समोर ऐकायला बसलेली गर्दी असलं काहीतरी येतं. प्रत्यक्षात मी रोज सकाळी पाठीला सॅक लावून स्पॅनिश शिकायच्या शाळेत जातो, "काल मी बाजारात गेलो, बाजारात बटाटे होते" अशी वाक्यं बनवतो आणि दुपारी घरी येऊन होमवर्क करतो. सध्या हेच काम आहे बाबांनो, पगारी नाही एवढंच.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवायच्या शाळेत, फिलॉसॉफी संपली की थिऑलॉजी सुरू व्हायच्या आधी रीजन्सी असते, म्हणजे पुस्तकं बाजूला ठेवून प्रत्यक्ष लोकांत राहायचं, आणि आमच्या संस्थेत त्यासाठी काही जणांना देशाबाहेर पाठवतात. मी अजून फादर नाही, ब्रदर आहे, पण इथले लोक कुणालाही "पाद्रेसितो" म्हणून मोकळे होतात, सांगून उपयोग नाही. कोचाबांबा हे बोलिव्हियातलं मोठं शहर, साधारण 2,550 मीटर उंचीवर, म्हणजे आपलं कळसूबाई 1,646 मीटर, त्याच्याही कितीतरी वर, तरी इथले लोक याला खोरं म्हणतात कारण आजूबाजूचे डोंगर अजून उंच. हवा वर्षभर छान. टेकडीवर येशूचा पुतळा आहे, 34 मीटरचा, 1994 साली पूर्ण झाला, आणि रिओच्या पुतळ्यापेक्षा आमचा उंच आहे हे तुम्हाला टॅक्सीवाला, सलूनवाला, सगळे सांगतात, आपण विचारलेलं नसताना.

आता शाळा. परदेशी मिशनऱ्यांना भाषा शिकवायचं काम या शहरात जुनंच आहे, मेरीनॉल नावाच्या अमेरिकन मिशनरी संस्थेने 1960 च्या दशकात इथे भाषाशाळा काढली, तिथे स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारा या इथल्या मूळ भाषापण शिकवायचे. आमच्या वर्गात मोजकीच डोकी, एक कोरियन सिस्टर, एक पोलंडचे फादर, एक व्हिएतनामी ब्रदर आणि मी. एवढ्या छोट्या वर्गात लपायला जागा नसते. कॉलेजात मागच्या बाकावर बसून तीन वर्षं काढलेल्या माणसाला हे फार जड जातं, कारण टीचर दर मिनिटाला तुझ्याकडेच बघतेय आणि इंग्रजीत उत्तर दिलं की ती ऐकूच आलं नाही असा चेहरा करते.

पण एक सांगू का, मराठी माणसाला स्पॅनिश तितकी अवघड नाही जितकी लोकांना वाटते. पोलिश फादर हुशार आहेत पण त/द चा उच्चार त्यांचा अजून घासून येतो, आणि आपला? स्पॅनिशचा त आणि द म्हणजे जवळजवळ आपलाच, दाताला जीभ लावून. कोरियन सिस्टरला टेबल स्त्रीलिंगी का म्हणून खूप त्रास झाला, आपण लहानपणापासून तो दरवाजा, ती खिडकी, ते दार करत आलोय, इथे तर नपुंसकलिंग नाहीच, म्हणजे एक कमीच झालं. वडीलधाऱ्यांशी वेगळं आणि मित्राशी वेगळं बोलायचं, हेही कुणी शिकवावं लागलं नाही. आणि "मला आवडतं" हे वाक्य! "मे गुस्ता" ची रचना अगदी आपल्या वाक्यासारखी, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण नुसते "मला". इंग्रजीतून शिकणारे यावर अडकून पडतात. मी पहिल्या आठवड्यातच मराठीतून विचार करायला लागलो आणि इंग्रजी मध्ये आणायचीच नाही असं ठरवलं, तिथून गाडी सुरळीत लागली. घाम काढतात ती क्रियापदं. एकेका क्रियापदाची इतकी रूपं की वहीची पानं संपतात, त्यात भूतकाळ दोन तऱ्हेचा, आणि वर ते सुबहुंतिव्हो, म्हणजे इच्छा, शंका, विनंती असलं काही आलं की क्रियापदाचं रूपच बदलायचं. आणि प्रार्थना म्हणजे सगळी इच्छा आणि विनंतीच, त्यामुळे आमच्या धंद्यात ते टाळताच येत नाही. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की इथले डोंगराकडचे लोक सावकाश आणि स्पष्ट बोलतात. याच देशातल्या सखल भागातल्या सांताक्रूझच्या बाजूचे लोक शब्दाच्या शेवटचा स गिळून टाकतात, तिथे पाठवलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

बरं, घरच्यांचा तिसरा प्रश्न, आणि हा खरंच चांगला प्रश्न आहे, की तिथे तर सगळे आधीच ख्रिस्ती, मग तू तिकडे जाऊन करणार काय. आमच्या इतिहासाच्या सरांनी (शाळेत आठवड्यातून एकदा इतिहासाचा तास असतो, मला सगळ्यात आवडणारा) यावर एक गोष्ट सांगितली. 1961 साली रोमहून अमेरिकेतल्या धर्मसंस्थांना निरोप गेला की आपल्या माणसांपैकी दहा टक्के लॅटिन अमेरिकेला पाठवा. त्याच वर्षी मेक्सिकोत क्वेर्नावाकाला इव्हान इलिच नावाच्या फादरने अशा येणाऱ्यांना स्पॅनिश शिकवायचं केंद्र काढलं. आणि गंमत अशी की या माणसालाच ते सगळं येणं पसंत नव्हतं. पुढे 1968 मध्ये त्याने अमेरिकेतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं की फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सगळे जरा गप्पच झाले, पोलिश फादर तर चिडलेच. मला मात्र ते पटलं, निदान अर्धं तरी. कारण भाषा येत नसलेला माणूस मदत करायला आला तर करणार काय, हात हलवणार आणि फोटो काढणार. आणि आता तर उलटंच झालंय, युरोपातल्या सेमिनऱ्या रिकाम्या होत चालल्यात म्हणून भारत, व्हिएतनाम, इंडोनेशियाची पोरं येतायत. आमच्यामागे ना पैसा ना रुबाब, त्यामुळे निदान त्या बाबतीत लोकांना आमची भीती वाटत नाही.

पण माझ्या बाबतीत एक वेगळाच घोळ आहे, आडनावाचा. वसईत आम्ही लोपीस, परेरा, घोन्साल्विस, रॉड्रिग्ज. मुंबईत ट्रेनमध्ये आडनाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे मूळचे कुठले?" आणि आपण म्हणायचं वसईचेच, मग तो म्हणणार हो पण मूळचे? पिढ्यान्‌पिढ्या केळी-भाजी लावणारे लोक आम्ही, मूळ अजून किती खोल दाखवायचं. इथे नेमकं उलट. आपला लोपीस आणि यांचा लोपेस यात फरक तो किती. ऑफिसात नाव वाचतात, मग माझ्याकडे बघतात, रंगही इथल्यासारखाच, आणि धाडधाड स्पॅनिशमध्ये सुरू होतात. मी अडखळलो की त्यांना वाटतं ब्राझीलचा असेल. भारताचा म्हटलं की विश्वास बसत नाही, भारतात लोपेस कसे? मग मला सांगावं लागतं की आमच्याकडे 1534 मध्ये पोर्तुगीज आले आणि 1739 पर्यंत होते, मग चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ऐकणारा मान डोलावतो. त्याच्याही आडनावाची गोष्ट अशीच, फक्त त्याच्याकडे आलेले स्पॅनिश होते.

आणि त्या इतिहासाच्या तासाला मला एक गोष्ट कळली ती मी अजून पचवतोय. 1580 ते 1640 ही साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. कोचाबांबा वसलं 1570 च्या दशकात. म्हणजे आपली वसई आणि हे शहर, मध्ये दोन महासागर, पण राजा एकच! मी ते ऐकल्यावर लगेच वसईच्या आमच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर एका काकांनी "मग व्हिसा कशाला लागला" असं विचारलं, तो भाग वेगळा.

त्याच काळातला आपला गोन्सालो गार्सिया. आम्ही लहानपणापासून त्याच्या सणाला मिरवणुकीत चाललोय, भारतात जन्मलेला पहिला संत, नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 ला क्रूसावर मारला गेला, 1862 मध्ये संत जाहीर झाला, हे सगळं पाठ. पण तो तिथे होता कशासाठी? दुभाषा म्हणून. कोवळ्या वयात वसईहून जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, आणि स्पॅनिश फादर लोकांना जपानी येत नव्हती म्हणून ते याला बरोबर घेऊन गेले. राजदरबारात बोलणी करायची ती याने. पुतळ्यात त्याच्या हातात क्रूस असतो, पण मला हल्ली तो जपानी शब्द घोकत बसलेला दिसतो, आणि त्याला तर टीचर नव्हती, यूट्यूब नव्हतं, काहीच नव्हतं.

रविवारी आम्हाला शाळेतून वेगवेगळ्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, पाठवतात, मी शहराच्या दक्षिणेकडे जातो. तिथे डोंगरउतारावर घरं, 1985 नंतर सरकारी खाणी बंद पडत गेल्या तेव्हा हजारो खाण कामगार बेकार झाले, त्यातले कित्येक इकडे येऊन राहिले. याच शहरात 2000 साली पाण्यासाठी मोठं आंदोलन झालं होतं, पाणीपुरवठा खाजगी कंपनीला दिलेला, दर एकदम वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. जगभर गाजलं ते. पण दक्षिणेकडच्या वस्त्यांत अजून पुष्कळ ठिकाणी नळ नाही, टँकर येतो, घरापुढच्या पिंपात पाणी ओततो आणि पैसे घेऊन जातो. टँकर म्हणजे काय हे वसईकराला वेगळं सांगायला नको, फक्त आम्ही तो विहिरीवर भरताना बघितलाय, हे लोक पिंपाच्या बाजूने.

आणि तिथे गेल्यावर कळतं की आपली स्पॅनिश, जिच्यासाठी एवढी रात्र-रात्र जागतो, ती पुरत नाहीच. पोरं स्पॅनिश बोलतात, आया दोन्ही बोलतात, आज्या बोलतात केचुआ. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आजी पुढच्या बाकावर बसते, स्पॅनिश प्रार्थना तोंडपाठ म्हणते, पण बाहेर आल्यावर माझा हात धरून जे सांगायचं असतं ते केचुआत सांगते, आणि मी मान हलवत उभा. देशाच्या 2009 च्या संविधानात स्पॅनिशबरोबर 36 मूळ भाषांना अधिकृत दर्जा आहे, पण कागदावरचा दर्जा आणि दवाखान्यातल्या खिडकीवर आजीला काय ऐकून घ्यावं लागतं, यात फरक आहे. मी बघितलंय, नातीला पुढे करावं लागतं.

म्हणून मी एका टीचरकडून केचुआचं थोडं थोडं बघायला लागलो आणि थक्क झालो. ही भाषा आपल्यासारखी चालते हो! क्रियापद शेवटी. प्रत्यय मागे लावायचे, वासी म्हणजे घर, वासिपी घरात, वासिमान्ता घरातून. आणि आपल्याकडे जसं आपण आणि आम्ही वेगळं असतं, ऐकणाऱ्याला धरून आणि सोडून, तस्संच यांच्याकडे आहे, जे बिचाऱ्या स्पॅनिशला जमत नाही. पोलिश फादरना हे समजवायला टीचरने अर्धा तास घेतला, मी तोवर चहा पिऊन आलो.

खाण्याबद्दल विचारता तर, दुपारी आधी सूप आलंच पाहिजे, कितीही ऊन असो. सोपा दे मानी म्हणून शेंगदाण्याचं सूप असतं, ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा उपवासाच्या आमटीत कुणीतरी मटण टाकलंय असं वाटलं, आता आठवड्यातून एकदा नाही मिळालं तर चुकल्यासारखं होतं. भात आणि बटाटा एकाच ताटात, नेहमी. तिखटाची काळजी नको, टोमॅटो आणि लोकोतो मिरची वाटून याहुआ करतात, मस्त झणझणीत. मासे मात्र विसरा, या देशाला समुद्रच नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे 2 तारखेला दफनभूमीत फुलं, मेणबत्त्या लावून येतो. इथे ज्यांच्या घरी माणूस गेलाय ते 1 तारखेला दुपारी टेबल मांडतात, त्याचा फोटो, आवडीचं खाणं, फळं, आणि बाळाच्या आकाराचे पाव, तांतावावा म्हणतात त्याला. बाराच्या सुमाराला आत्मे घरी येतात असं मानतात. मग शेजारीपाजारी, पोरं, अनोळखी कुणीही घरात येऊन मेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतं, आणि बदल्यात पाव, बिस्किटं घेऊन जातं. अगदी रोख व्यवहार. मी पॅरिशच्या पोरांबरोबर घरोघरी हिंडलो, पाद्रे नुएस्त्रो (आपलं "हे आमच्या बापा") आणि नमो मरिया या प्रार्थना स्पॅनिशमध्ये म्हणत, आणि पोरं माझ्यापेक्षा जोरात आणि भराभर म्हणायची कारण जितकी घरं तितके पाव. एका घरी म्हातारबाबांनी माझं म्हणून झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की ब्रदर फार हळू म्हणतात पण शब्द सगळे म्हणतात, आणि मला पोरांपेक्षा एक पाव जास्त दिला. पोरांनी तो बाहेर आल्यावर वाटून घ्यायला लावला.

आता स्पॅनिशची परीक्षा आहे, तोंडी आणि लेखी, त्यानंतर पॅरिशमध्येच राहायला जायचंय. केचुआचा रीतसर वर्ग कार्निव्हलनंतर सुरू होईल, कारण कार्निव्हलच्या दिवसांत इथे कुणी कुणाला शिकवत नाही, गल्लीतून जाणाऱ्यावर पाण्याचे फुगे फेकतात आणि कॅसॉक, म्हणजे फादर लोकांचा झगा, घातलेल्याला तर मुद्दाम. फोन करायचा असेल तर लक्षात ठेवा, तुमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आमचे सकाळचे नऊ, तेव्हा मी वर्गात असतो. रोझरीची प्रार्थना आटोपून करा, साधारण तुमच्या साडेनऊ-दहाला, आणि आईला म्हणावं सुकेळी पाठवायच्या भानगडीत पडू नको, कस्टमवाले काढून घेतात.