दोन गाड्या, एक घर

दोन्ही गाड्या एकाच घरातल्या होत्या. पुढची वडिलांची, बरीच जुनी. ती थोरला मुलगा चालवत होता, शेजारी वडील आणि मागे आई. पाठोपाठ धाकट्याची नवी, मोठी गाडी होती आणि तिच्यात त्याची बायको आणि लहान मुलगी. महामार्गावर पुढचा ट्रक एकाएकी थांबला. थोरल्याने ब्रेक दाबून गाडी वेळेत थांबवली, पण धाकटा मागून येऊन आदळला. जिवावर कुणाच्याच बेतलं नाही, फक्त आईला मानेला आधाराचा पट्टा लावावा लागला.

मी मोटर विम्याचा सर्व्हेअर, अपघातातल्या गाड्यांचं नुकसान तपासणारा. वर्कशॉपमध्ये गाड्या पाहायला गेलो तेव्हा सगळं घर तिथे हजर होतं. धाकटा कुणाशीच नजर मिळवत नव्हता. त्याच्या गाडीचं बॉनेट दुमडून वर आलेलं, रेडिएटर आत घुसलेला, फुटलेल्या एअरबॅग स्टिअरिंगवरून लोंबत होत्या. वडिलांच्या गाडीचा मागचा बंपर तडकला होता आणि डिकी नीट लागत नव्हती, बस्स. त्यामुळे घरच्यांनी मनाशी हिशेब करून टाकला होता की मोठी गाडी गेली, छोटी दोन दिवसांत घरी येईल.

मी छोटीपासून सुरुवात केली. डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. खालच्या पत्र्याला आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. मागचं दार आणि बॉडी यांच्यातली फट वर बोटभर आणि खाली जेमतेम नखाएवढी. छत जिथे मागच्या खांबाला मिळतं तिथे रंगाला केसासारखी बारीक चीर. गाडी लिफ्टवर घेतल्यावर उरलेली शंकाही फिटली. मागचा एक चासिस रेल, म्हणजे गाडीला तळातून पेलणारी लांब लोखंडी पट्टी, आत मुडपला होता. मेकॅनिकने टेपने कर्णांची मापं घेतली, दोन्ही बाजूंची जुळेनात. गाडी मुळातूनच वाकडी झाली होती. पुढच्या सीटची पाठही मागे कलून तशीच अडकली होती, तिचा लॉक वाकला होता.

हे काम नीट करायचं तर रेल कापून नवा वेल्ड करावा लागतो, आणि तोही बॉडी मापाच्या जिगवर, म्हणजे मूळ मापात धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, घट्ट बसवून. जुन्या गाडीची विमा रक्कम आधीच कमी झालेली असते. दुरुस्तीचा खर्च त्या रकमेच्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे दुरुस्त न करता निकालात निघते. ही गेलीच होती. उलट मोठीचे रेल शाबूत निघाले. तिची मोडतोड पुढच्या, बोल्टने बसवलेल्या भागांतच अडली होती. ती दुरुस्त होणार होती.

वडिलांना ते पटेना. "अहो साहेब, बंपर बदला, डिकी ठोकून द्या. या गाडीने आम्हाला वाचवलं, आणि तुम्ही तिलाच भंगारात काढताय?"

मी त्यांना लिफ्टखाली घेऊन गेलो आणि मुडपलेल्या रेलवर बॅटरीचा झोत टाकला. "काका, वाचवलं ते इथे. धक्का या लोखंडाने स्वतःत जिरवला, म्हणून तो काकूंपर्यंत कमी पोचला. पण ते एकदाच चुरगळतं. ठोकून सरळ केलं तर पुढच्या वेळी कसं वागेल, याची खात्री कुणीच देणार नाही." चुरगळणाऱ्या टोकांची ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची. १९५९ मध्ये मर्सिडीजच्या विक्रीच्या गाडीत ती आली. अभियंता नील्स बोलिन यांनी घडवलेला तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटचा पट्टा व्होल्व्होने बसवला तोही त्याच वर्षी. आज ज्या अपघातांतून माणसं आपल्या पायांनी चालत बाहेर येतात, त्यांतल्या कितीतरींच्या मागे या दोघांचं डोकं आहे. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

मोठ्या गाडीत वेगळाच घोळ सुरू होता. एअरबॅग बदलायच्या हे सगळ्यांना मान्य होतं, पण सीटचे पट्टे "चांगलेच आहेत की" म्हणून अंदाजपत्रकात धरलेच नव्हते. मी ड्रायव्हरचा पट्टा हाताने ओढला, तो हललाच नाही. पट्टा ताणणारं यंत्र बारुदाच्या छोट्या स्फोटावर चालतं आणि एअरबॅगसारखंच एकदाच कामाला येतं. वरच्या कडीतून पट्टा जिथे जातो तिथे चकाकती रेघ उमटली होती आणि घर्षणाने तापून धागे कडक झाले होते. धाकट्याला तिथे बोट फिरवायला सांगितलं. त्याने फिरवलं आणि पहिल्यांदाच काहीतरी बोलला, "माझं सगळं वजन इथे आलं होतं?"

मी हो म्हणालो. त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, दोष लावायला नव्हे. ताशी ७२ किलोमीटरला गाडी सेकंदाला २० मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. निदान तीन सेकंदांचं, म्हणजे ६० मीटरचं अंतर राखलं तर सावरायला जागा मिळते. घरच्यांबरोबर दोन गाड्यांनी निघालं की मध्ये कुणी घुसू नये म्हणून आपण एकमेकांना चिकटून चालवतो, हे मी अनेक क्लेममध्ये पाहिलंय.

मुलीची सीट, लहान मुलांसाठी गाडीत वेगळी बसवतात ती, बाजूला ठेवली होती. ओरखडाही नव्हता. तिच्या आईने विचारलं, "ही तर वापरता येईल ना?" मी नाही म्हणालो. प्लॅस्टिकच्या कवचाला आतून तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए अशी सीट पुन्हा वापरायला फक्त किरकोळ अपघातानंतर हरकत घेत नाही. किरकोळ म्हणजे गाडी स्वतः चालत निघाली, सीटजवळचं दार शाबूत, कुणाला इजा नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर दिसण्यासारखी खूण नाही. पाचही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. इथे तर एअरबॅगच उघडली होती. नव्या सीटचं बिल क्लेमला जोडा, म्हटलं.

आता वडिलांसाठी दुसरी गाडी घ्यायची होती. कुणी नातेवाईक आपली जुनी गाडी लगेच द्यायला तयार होता आणि थोरला जवळजवळ हो म्हणून बसला होता. अपघातानंतर लोक इथेच घाई करतात. टोटल लॉस झालेल्या गाड्या सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे मोडक्या अवस्थेतच, विकल्या जातात, ठोकून-रंगवून पुन्हा बाजारात येतात आणि असंच एखादं घाईत असलेलं गिऱ्हाईक त्या घेतं. म्हणून थोरल्याला बजावलं, पट्टे मुळापर्यंत ओढून त्यांच्यावरची तारखेची चिठ्ठी वाच. पट्टा गाडीपेक्षा बराच नवा असेल तर का बदलला ते विचार. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर ती गाडी तिथेच सोड. स्टेपनी काढल्याशिवाय डिकी पाहिली असं म्हणू नकोस.

आणि हेडरेस्ट. आईच्या सीटचा हेडरेस्ट अगदी खाली दाबलेला होता, तसाच मी फोटोत घेतला. मागून धक्का बसला की धड पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणि डोक्याजवळ असेल तरच मान वाचते. मागच्या मधल्या सीटला अनेक जुन्या गाड्यांत तो नसतोच, तीन ठिकाणचा पट्टाही नसतो.

नातेवाइकाची गाडी त्यांनी घेतली नाही. डिकीतला गालिचा उचलू द्यायला तो तयार नव्हता, असं थोरल्याने फोनवर सांगितलं. शेवटी जी घेतली तिच्या मागच्या तिन्ही सीटवर वडील आळीपाळीने बसले आणि प्रत्येक हेडरेस्ट वर-खाली करून पाहिला. मोठीचे एअरबॅगचे भाग अजून यायचे आहेत. मुलीची नवी सीट मात्र आली. जुनी तशीच टाकली तर कुणी उचलून वापरेल, म्हणून तिचे पट्टे कापायला सांगितले होते. कापलेल्या पट्ट्यांचा फोटो आणि नव्या सीटचं बिल, दोन्ही धाकट्याने एकदमच पाठवलं.