तुम्ही विचारलंत म्हणून: निहालीचं व्याकरण कोणासाठी?

भाषाविज्ञान शिकतेय म्हटलं आणि बोलता बोलता निहालीचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला, अगदी घरच्यांकडूनसुद्धा: दोन-अडीच हजार लोकांची भाषा, तिचं व्याकरण लिहून कोणाला काय मिळणार?

तर निहाली आपल्याच बुलढाण्यातली, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला बोलतात. शेजारची कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठी आर्य, पण निहाली कुठल्याच कुळात बसत नाही. उसने शब्द भरपूर आहेत, दोन-तीन-चार हे आकडे द्रविडी वळणाचे आणि पाचपासून पुढे हिंदीसारखे, पण उसनं सगळं बाजूला काढलं तरी खाली जे उरतं त्याचं नातं कुणाशीच लागत नाही. क्यूपर या डच अभ्यासकाने 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुढे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने 2014 मध्ये के. एस. नागराजांचं काढलं. जनगणनेत मात्र दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवतच नाहीत, त्यामुळे तिथे ही 'इतर'मध्ये जाते.

आता कोणाला काय मिळणार. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला वाम्पानोआग लोक आहेत, त्यांची भाषा बोलणारं शंभराहून जास्त वर्षं कोणीच नव्हतं. पण 1663 साली त्या भाषेत छापलेलं बायबल होतं आणि, मला हे जास्त मोलाचं वाटतं, त्या लोकांनी स्वतः लिहिलेली खरेदीखतं, मृत्युपत्रं, अर्ज होते. त्यांच्यातल्याच जेसी लिटल डो बेअर्ड एमआयटीत केन हेल या भाषावैज्ञानिकाकडे शिकल्या, या कागदांवरून व्याकरण बसवलं, उच्चार कळेनात तेव्हा बहीणभाषांशी, म्हणजे त्याच कुळातल्या भाषांशी, ताडून पाहिले आणि स्वतःच्या मुलीला लहानपणापासून त्याच भाषेत वाढवलं. तर मिळतं ते असं, आणि कधी कधी तीनशे वर्षांनी.

निहालीला तर ताडून पाहायला बहीणच नाही! म्हणून नुसतं व्याकरण पुरणार नाही, आज जे बोलतायत त्यांचा आवाज हवा, गोष्टी, गाणी, भांडणं, बाजारातली घासाघीस, सगळं. आणि ते रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या कपाटात नको राहायला, त्याच गावातल्या मोबाइलवर हवं, सोबत देवनागरीत छापलेलं गोष्टींचं एखादं पुस्तक. तिथली पोरं शाळेत मराठी शिकतात, कोरकू-हिंदी कानावर असतेच, इतक्या भाषा सहज सांभाळणाऱ्या पोरांना घरच्या भाषेचं ओझं होईल असं मला अजिबात वाटत नाही.