टायसन मोठा की अली?

दुपारी तीनच्या उन्हात आमच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा हात तेवढा चालू असतो, बाकी सगळं पेंगलेलं. मी खर्रा खात नाही. ठेल्यावर जातो तो वाद घालायला.

परवा भरतीची तयारी करणारी पोरं एका मोबाईलवर वाकली होती. बॉक्सर माईक टायसनची लढत, १९८८. समोर तोवर एकदाही न हरलेला मायकेल स्पिंक्स. ९१ सेकंदांत खेळ खलास.

"काका, याच्यावानी कोनी झालाच नाही. अली-गिली बाजूले ठेवा."

झालं, माझी दुपार सार्थकी लागली.

माझ्या लेखी टायसन पहिल्या दहात येत नाही. का, ते मला धड सांगता येत नाही. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, जगज्जेता, इतक्या लहान वयात आजवर दुसरा कोणी नाही, हे मान्य. पण मुहम्मद अलीचं बघा. व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये किताब काढून घेतला, ऐन उमेदीची तीनेक वर्षं रिंगणाबाहेर गेली. आणि १९७४ मध्ये गड्यानं आफ्रिकेतल्या किन्शासात जाऊन जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत आडवा केला. तोच फोरमन पुढे १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, पुन्हा जगज्जेता झाला! आमच्याकडे त्या वयात माणूस ओट्यावरून उठताना गुडघ्याला हात लावतो.

बाकावर बसलेले एक म्हातारेबुवा एवढा वेळ गप्प होते. त्यांनी अली पाहिला नाही, टायसनही नाही. म्हणाले, "बैल पारखाचा असन तं गाडी गाऱ्यात फसल्यावर पारखावं." मला वाटलं, निकाल लागला. पण पोरं कसली ऐकतात! "काका, ९६ साली जगज्जेतेपदाचे दोन पट्टे परत जिंकले ना त्यानं." जिंकले, खरंय. पण त्याच वर्षी इव्हँडर होलीफिल्ड समोर आला आणि अकराव्या फेरीत पंचाला लढत थांबवावी लागली, टायसन हरला. पुढच्या वर्षी तर टायसननं त्याचा कानच चावला.

तो कान मला पक्का आठवतो. जून १९९७. आमच्या विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, त्यामुळे बातमी आणि शाळा एकदमच आली. नव्या वह्यांचा वास, छपरावर पाऊस आणि मधल्या सुट्टीत जो तो दुसऱ्याच्या कानाच्या मागे. एकाला खरंच रक्त आलं. गुरुजींनी चावणाऱ्याला उभं केलं आणि शिक्षा काय दिली, तर त्याचाच कान पिरगाळला. पुढे कित्येक दिवस आम्ही टोपी कानावर ओढून बसायचो. टायसन म्हणजे कान, एवढंच डोक्यात राहिलं. माझा त्याच्यावरचा राग कदाचित तिथलाच असेल, बॉक्सिंगशी त्याचा संबंधही नसेल.

मग पोरांनी टोकियोची लढत लावली. फेब्रुवारी १९९०. बस्टर डग्लसवर पैसे लावायला कोणी तयार नव्हतं, भाव ४२ ला १. दहाव्या फेरीत टायसन पडतो, आणि उठायच्या आधी रांगत आपलं दातांचं कवच शोधतो. हाताला ग्लोव्ह, ते नीट धरता येत नाही. शेवटी त्याचं एक टोक कसंबसं दातांत धरतो आणि उभा राहायला बघतो. ते दुसरं टोक तोंडाबाहेर लोंबत असतं. तोवर पंचाचे दहा मोजून झालेले असतात. पोरांनी तेवढा तुकडा दोनदा मागे घेऊन पाहिला. महान-बिहान कोणी काही बोललं नाही.

त्या दिवशी टायसन २३ वर्षांचा होता. मोबाईल ज्याच्या हातात होता, तो पोरगा त्याच्याहून वर्षभरानं मोठा असेल. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारतो, दरवेळी थोडक्यात हुकतं. त्या वयात पोरगा महान आहे का, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. "लागला का कुठं?" एवढंच विचारतात. तेही त्याला नाही, त्याच्या बापाला.