तुम्ही विचारलंत म्हणून: परग्रहावरच्या पाहुण्यावर विश्वास कधी ठेवायचा?

विज्ञानकथांचा विषय निघाला की हे हमखास विचारलं जातं. कथेतला अनोळखी जीव भला की घातकी, हे ओळखायचं कसं? कुरूप तो दुष्ट हे जुनं झालं, मग आता देखण्यावरच संशय घ्यायचा का?

मला दोन्ही सारखंच वाटतं, कारण दोन्हीकडे निवाडा चेहराच करतो. मी बघते ते एवढंच की लेखकानं आधी काय कळू दिलं, रूप की वागणूक.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) एका शास्त्रज्ञानं घडवलेला, दिसायला भयानक असा जीव एका गरीब कुटुंबासाठी लपूनछपून सरपण आणून ठेवत असतो. एक दिवस धीर करून तो घरात शिरतो. आंधळा म्हातारा एकटाच असतो. तो पाहुण्याला बसवतो, त्याचं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगा येतो आणि म्हाताऱ्याच्या पायांशी विनवणाऱ्या त्या जीवाला काठीनं बडवतो. त्यानंच आणलेल्या सरपणावर हे घर ऊब घेत होतं! दोनशे वर्षांनंतरही हा प्रसंग वाचताना मला राग येतो.

पण त्या मुलाला आपल्यापासून वेगळं काढता येत नाही. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग दाखवले. एवढ्यात विश्वासाबद्दल बनलेलं मत, सावकाश पाहून दिलेल्या मताशी बरंच जुळलं. जास्त वेळ मिळाल्यावर वाढली ती मुख्यतः स्वतःच्या मताबद्दलची खात्री.

कधी चेहऱ्याचाही प्रश्न नसतो, आधीचा अनुभव आड येतो. ‘एलियन्स’ या चित्रपटात (१९८६) नायिका रिप्ली बिशप या यंत्रमानवाला जवळ येऊ देत नाही, कारण आधीच्या चित्रपटात एका यंत्रमानवानं तिचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता. इकडे कंपनीचा गोड बोलणारा बर्क तिला मृत्यूच्या तोंडी देतो, आणि शेवटी सोडवायला बिशपच यान घेऊन येतो.

सगळ्यांत जास्त मला आर्थर क्लार्कच्या ‘चाइल्डहूड्स एंड’ या कादंबरीनं (१९५३) विचारात पाडलं. पृथ्वीचा कारभार हाती घेणारा परग्रहवासी करेलेन पन्नास वर्षं समोर येत नाही. तोवर युद्धं थांबलेली असतात, सुबत्ता आलेली असते. मग तो यानातून उतरतो. शिंगं, पंख, शेपटी, हुबेहूब सैतान! दोन्ही हातांवर एकेक माणसाचं मूल निर्धास्त बसलेलं. आणि लोक त्याला स्वीकारतात.

इथे माझी कसोटीही अपुरी पडते. करेलेनची वागणूक खरोखरच चांगली आहे, पण तो आलाय मानवजातीच्या अखेरीची देखरेख करायला, आणि ते त्यानं सांगितलेलं नसतं. म्हणून हल्ली वाचताना मी पाहुणा काय करतो याच्या जोडीला तो कशाबद्दल गप्प आहे तेही बघते. करेलेन दिसतो कसा, या कुतूहलात तो आलाय कशाला हे विचारायचं माझ्याही मनातून निसटलं होतं, आणि क्लार्कला बहुधा हेच हवं होतं.