शिबदासचा पास

मंगळवारी आमच्या मुली पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. चौदा वर्षांखालच्या मुलींची आंतरशालेय फुटबॉलची नॉकआउट स्पर्धा होती. सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी साचलं होतं. मध्यांतराला ०-० होतं, तेव्हा मला वाटलं की टायब्रेकरपर्यंत नेतील. संपायला चार मिनिटं राहिली आणि आमची बॅक घसरून पडली. समोरच्या मुलीला गोल मोकळा मिळाला.

पडली तिच्या पायात बूट नव्हते. शाळेत स्टडच्या बुटांच्या सात जोड्या आहेत, तिच्या मापाची एकही नाही. कॅनव्हासचे बूट भिजून जड झाले म्हणून मध्यांतरात तिने विचारलं, "बाई, काढू का?" मी हो म्हटलं होतं. ते 'हो' अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

परतताना बसमध्ये कुणी बोलेना. वडापाव दिले ते तसेच हातात. मग मी मागच्या सीटवर त्यांच्यात जाऊन बसले आणि १९११ च्या आय. एफ. ए. शील्डची, म्हणजे कलकत्त्याच्या जुन्या फुटबॉल स्पर्धेची गोष्ट सुरू केली.

ही गोष्ट मला बाबांनी सांगितली. ते लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर होते, पण जीव सगळा फुटबॉलमध्ये. मुंबईच्या रोव्हर्स कपचे सामने असले की फर्स्ट पाळी संपवून थेट कूपरेजचं मैदान गाठायचे. लहानपणी मलाही खांद्यावर बसवून न्यायचे. कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचे हिरवे-किरमिजी शर्ट मैदानात उतरले की म्हणायचे, "यांच्या आजोबांनी गोऱ्यांना हरवलंय, नीट बघून घे."

शील्ड सुरू झाली १८९३ मध्ये. पुढची अठरा वर्षं ती ब्रिटिश पलटणींच्या किंवा कलकत्त्यातल्या गोऱ्या क्लबांच्याच हाती राहिली. मोहन बागान १८८९ चा क्लब. कलकत्त्यातलाच ट्रेड्स कप त्यांनी १९०६ पासून ओळीने तीन वर्षं जिंकला, तेव्हा कुठे शील्डकडे वळले. १९०९ मध्ये पहिल्यांदा उतरले आणि गॉर्डन हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीकडून ०-३ हरले. हा ०-३ मी मुलींना दोनदा सांगितला. विजयाची गोष्ट सांगताना तो बहुतेक जण गाळतात.

१९११ च्या जुलैत काय झालं ते ऐका. सेंट झेवियर्सवर ३-०. रेंजर्सवर २-१. रायफल ब्रिगेडवर १-०. मग उपांत्य सामना मिडलसेक्स रेजिमेंटशी, तो १-१ बरोबरीत सुटला. दोन दिवसांनी पुन्हा खेळले आणि ३-० ने जिंकले. मला या सबंध स्पर्धेत सर्वात मोठे वाटतात ते हेच दोन दिवस. पलटणीतले धिप्पाड जवान एकदा अंगावर झेलायचे, सुजलेले पाय घेऊन घरी यायचं, आणि अठ्ठेचाळीस तासांत त्याच माणसांसमोर उभं राहायचं. पहिल्या सामन्यात त्यांनी समोरच्याला नीट वाचून घेतलं असणार. त्याशिवाय १-१ चा ३-० होत नाही.

आता अनवाणी पायांबद्दल. ही गोष्ट नेहमी 'बिचारे अनवाणी पोरगे विरुद्ध बूटवाले साहेब' अशी सांगतात, आणि मला ते पटत नाही. कलकत्त्याचे बंगाली खेळाडू तेव्हा अनवाणीच खेळत. तीच त्यांची शैली होती. मी स्वतः दहावीपर्यंत अनवाणी खेळले आहे. कोरड्या मैदानावर उघड्या पायाला चेंडू कळतो, अंगठ्याच्या बाजूने हलकेच वळवता येतो, आणि बुटातल्यापेक्षा पाय लवकर फिरतो. पण पाऊस पडला की सगळं उलटतं. गवतावर पकड राहत नाही, आणि बूटवाल्याचा पाय बोटांवर आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. जुलै महिना कलकत्त्यातही पावसाचाच. ते अकरा जण हे सगळं जाणून मैदानात उतरत होते.

अकरांतला एक मात्र बूट घालायचा. बॅक सुधीर चटर्जी, पुढे पाद्री झाले. हे सांगितलं तेव्हा आमची पडलेली बॅक पहिल्यांदा बोलली. "बाई, त्याला बाकीचे काही म्हणाले नाहीत का? हा एकटाच का घालतो म्हणून?" मी म्हटलं, "त्याच्या पायाला जे जमत होतं ते त्याने घातलं, बाकीच्यांनी त्यांच्या पायाला जमेल तसं केलं. पास मात्र सगळे एकमेकांनाच देत होते." ती खिडकीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने वडापावचा कागद उघडल्याचा आवाज आला.

अंतिम सामना २९ जुलैला, शनिवारी, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. खेड्यापाड्यांतून माणसं रेल्वेने, आगबोटीने कलकत्त्यात आली. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसेना. त्यांच्यासाठी आकड्यांचे पतंग उडवून गोल कळवत होते. दादर-परळच्या पोरींना पतंग म्हणजे संक्रांत. पतंगावर स्कोअर, हे ऐकून त्या हसल्या. मंगळवारी त्या पहिल्यांदा हसल्या त्या इथे.

पहिला गोल ईस्ट यॉर्कशायरचा, जॅक्सनचा. सामना संपत आलेला. मग कर्णधार शिबदास भादुरीने बरोबरी साधली. तो डावीकडून खेळायचा, आणि त्याचा भाऊ बिजयदास त्याच्या शेजारीच आतल्या बाजूला. शेवटच्या मिनिटांत शिबदास पुन्हा चेंडू घेऊन घुसला. आत्ताच गोल मारलेला, कर्णधार, सगळ्या मैदानाचे डोळे त्याच्यावर. त्याने चेंडू मध्ये अभिलाष घोषला दिला आणि अभिलाषने तो जाळ्यात घातला. २-१.

बाबा ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे. चहाचा कप खाली ठेवायचे आणि जमिनीवर बोटाने रेघ ओढायचे, डावीकडून मध्ये. "त्याने स्वतः मारला असता तरी कुणी बोललं नसतं," म्हणायचे. अनवाणी पाय नंतर, आधी तो पास.

तो काळ आमच्या घराला अगदीच परका नव्हता. बंगालची फाळणी १९०५ ची, आणि तिच्याविरुद्धचं वारं लाल-बाल-पाल यांच्यामुळे इथवर आलेलं. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. बाबांच्या आजोबांनीही तेव्हा साचा सोडला होता, हे आमच्या घरात गणपतीच्या आरतीइतकं पाठ आहे. शील्डच्या त्या जुलैत टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

आणि त्याच उन्हाळ्यात आपले पळवणकर बाळू इंग्लंडमध्ये होते. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या अखिल भारतीय क्रिकेट संघातून बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात चांभार म्हणून ज्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा, ते बाळू. कलकत्त्यात अकरा जण गोऱ्यांच्या खेळात गोऱ्यांना हरवत होते तेव्हा हा माणूस तिकडे त्यांच्याच यष्ट्या उडवत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी शिकवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या शाळेतल्या अर्ध्या मुलींना बाळूंचं नावही माहीत नव्हतं. आता आहे.

त्याच वर्षीच्या २ डिसेंबरला पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला. गेटवे नंतर बांधला तो त्याचीच आठवण म्हणून. १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली. काही लोक याचं श्रेयही शील्डला देतात. मी देत नाही. फाळणी हटली ती सहा वर्षांच्या आंदोलनाने. फुटबॉलचा मान फुटबॉललाच पुरेसा आहे.

"मग दरवर्षी जिंकले का?" असं सर्वात धाकटीने विचारलं. नाही. पुन्हा एखाद्या भारतीय संघाने शील्ड जिंकायला १९३६ उजाडलं, आणि तो संघ कलकत्त्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा. मोहन बागानच्या हाती ती पुन्हा आली थेट १९४७ मध्ये. मधे १९२३ ला ते आपल्या मुंबईत रोव्हर्स कपला आले, अंतिम फेरी गाठली आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ हरले. त्यांनी रोव्हर्स कप पहिल्यांदा उचलला १९५५ मध्ये. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते, आणि त्यांच्या काकांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सामना पाहिला होता.

धाकटीने बोटांवर हिशोब केला. "बत्तीस वर्षं, बाई." मग स्टॉप आला.

गुरुवारी सरावाला मैदानावर पाणी होतंच. मी चुन्याची रेघ ओढायला गेले तर ती पावसात विरघळून गेली, म्हणून चार दप्तरं ठेवून खूण केली: डावीकडून आत घुसायचं, दोघी अंगावर आल्या की मध्ये पास. आमची बॅक म्हणाली, "बाई, आज मी फॉरवर्ड खेळू?" तिच्या पायात या वेळी बूट होते, एका मैत्रिणीच्या ताईचे, पुढे कापूस कोंबलेले. पहिले तीन पास चिखलात रुतले. चौथा नीट गेला.