आरोपी हजर, वडील हजर

रात्री साडेअकराला पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी कुणाला धडकली का?" पलीकडून हवालदार म्हणाला, "धडक न्हाय काका, गांजा हाय."

धाकटा तेव्हा एकवीस वर्षांचा. आयटीआय अर्ध्यावर सोडून दुकानात माझ्या हाताखाली यायचा. कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या अंगाला, तिघं चिलीम ओढताना सापडले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब ठेवतोय, पैचा फरक पडू दिलेला नाही. आणि पोराचे डोळे वर्षभर लाल दिसत होते, ते मी हळदीच्या धुळीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी विजयनगरच्या कोर्टात उभा केला. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, कलम २७, सेवन. गांज्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीन झाला, पण जामीनदार पाहिजे. सातबारा, आधार, रेशनकार्ड घेऊन कोर्टात येऊन सही करणारा माणूस. पोरीच्या लग्नात फेटा बांधून पुढं पुढं करणारे तीन पाहुणे त्या दिवशी नेमके परगावी होते. शेवटी कवलापूरचा मावसभाऊ आला. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाही. सही केली, बाहेरच्या गाड्यावर दोन प्लेट भजी मागवली आणि एक पोरापुढं सरकवली.

पहिल्या वकिलांनी सोपं करून सांगितलं, "कबूल करायचं, दंड भरायचा, घरी जायचं." मलाही तेच हवं होतं. दंडाची पावती मिळाली की खातं बंद. घरात बायको म्हणाली, "दंड तुमी भरणार. मग त्यो काय सोडणार?"

त्याच आठवड्यात मी घोडचूक केली. कुणीतरी सांगितलं म्हणून पोराला एका खासगी केंद्रात नेऊन टाकलं. बारा हजार आगाऊ. पत्र्याची शेड, दाराला बाहेरून कुलूप, डॉक्टर "येतात अधूनमधून". चौथ्या दिवशी पोरगं भिंत ओलांडून चालत घरी आलं. पाठीवर वळ होते. मी ते वळ बघितले आणि तरी त्यालाच विचारलं, "पळून का आलास?"

कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं उत्पन्नाचा दाखला दिला आणि पॅनेलवरच्या एक वकीलबाई मिळाल्या, बिनाफीच्या. त्यांनी खासगी केंद्राची पावती बघितली आणि बाजूला ठेवली. कायद्याला चालतं ते फक्त सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाण. दुसऱ्या कुठल्या दाखल्याला कोर्टात किंमत नाही. माझ्यासारखा कुणी घाईत असेल तर पैसे मोजण्याआधी एवढं विचारून घ्यावं. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, तिथं विचारलं तरी चालतं. मला तो नंबर नंतर कळला.

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक कलम ६४-अ. व्यसनी माणसानं स्वतःहून उपचार मागितले आणि पुरे केले, तर अशा किरकोळ गुन्ह्याचा खटलाच त्याच्यावर चालत नाही. मात्र उपचार अर्धवट टाकले तर सवलत जाऊ शकते. हे ऐकून मी लगेच सही करायला पेन काढलं. पोरगं खुर्चीतून उठलं आणि म्हणालं, "मी काय ॲडिक्ट हाय व्हय?" झालं. मागायची सवलत, आणि ज्यानं मागायची तोच पाठ फिरवून उभा.

दुसरी वाट कलम ३९. ती गुन्हा शाबीत झाल्यावर उघडते, आणि उघडायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. ते तुरुंगाची शिक्षा लगेच न सुनावता, आरोपीची संमती असेल तर, त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतात. जास्तीत जास्त वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढं यायला हवा.

तारखेला पोरानं गुन्हा कबूल केला. दंड होईल आणि जाऊ, असा त्याचा हिशोब. न्यायाधीशाच्या खुर्चीवर मॅडम होत्या, पन्नाशीच्या आतबाहेर. त्यांनी मान वर करून विचारलं, "किती दिवसांपासून ओढतोस?"

"कधीतरी."

"आज सकाळी?"

पोरगं गप्प. मॅडमनी आठ दिवसांची पुढली तारीख दिली आणि वकीलबाईंना म्हणाल्या, "याला कलम ३९ समजावून सांगा. वडिलांना नको, याला."

त्या आठ दिवसांत बायकोला त्याच्या गादीखाली झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. तिनं ती गटारात ओतली. तिसऱ्या दिवशी पहाटे पोराला फिट आली. सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गांजा एकदम बंद केला तर चिडचिड होते, झोप उडते, भूक जाते, पण निभतं. या गोळ्या मात्र अंगात मुरल्या की एकदम तोडायच्या नसतात, फिट येऊ शकते, जिवावर बेततं. डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या हातानं. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून त्याला दोनदा मारायला काढला होता. मी पत्र्याच्या शेडमध्ये, तिनं प्रेमापोटी.

पुढल्या तारखेला मॅडमनी विचारलं, "उपचाराला तयार आहे का?" मी ताडकन उभा राहिलो, "हो मॅडम, तयार आहे."

"तुम्ही बसा. संमती त्याची लागते."

सगळं कोर्ट थांबलं. पंखा आणि स्टेनोची बोटं एवढाच आवाज, मग बोटंही थांबली. मला वाटलं आता हा काहीतरी वाकडं बोलणार. बऱ्याच वेळानं म्हणाला, "हाय तयार. पर त्या शेडमदी न्हाय." मॅडमना शेड माहीत नव्हती. विचारून घेतली, सगळी ऐकली, आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा आदेश केला. बंधपत्रावर त्यानं सही केली, मी जामीनदार म्हणून.

कायद्यानं अहवाल वर्षात एकदा दिला तरी चालला असता. मॅडमनी दर सहा आठवड्यांची तारीख लावली.

आपण सगळे तारखेला शिव्या घालतो. मीही घालायचो. सौदे सुरू असताना अर्धा दिवस मोडून विजयनगरला जायचं, दोन तास बाकड्यावर बसायचं, पुकारा झाला की चार मिनिटांत बाहेर. पण त्या चार मिनिटांत मॅडम काय विचारायच्या? झोप किती वाजता लागते? गोळी आता अर्धी का पाव? घाटावर कुणाबरोबर बसायचास, ती पोरं भेटतात का? पगार कुणाच्या हातात देतोस? घरात मी सहा आठवड्यांत त्याला यातला एक प्रश्न विचारला नव्हता. मी फक्त खिसे तपासायचो. आणि पोरगं तारखेच्या आधी चार दिवस दाढी करायचं, शर्टाला इस्त्री करायचं. कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारून विचारणार आहे, याची त्याला ओढ लागली होती. बापाला हे कबूल करणं जड जातं.

एकदा आमच्या आधी एक चाळिशीचा माणूस मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याचं काही प्रकरण नव्हतं. मॅडमचं लक्ष गेलं. दोन पुकाऱ्यांच्या मधे त्यांनी विचारलं, "किती झाले?" तो म्हणाला, "चार वर्षं, मॅडम." "बरं," म्हणाल्या आणि पुढलं प्रकरण घेतलं. पट्टेवाल्यानं बाहेर सांगितलं, हा मॅडमच्या आधीच्या नेमणुकीच्या गावचा, दारूचा. एकदा पेढे घेऊन आला होता, ते त्यांनी हातात धरले नाहीत. "पेढं घेत न्हाईत, फकस्त आकडा इचारत्यात. जातील तिथं असली पाच-सहा जमवत्यात, आन् बदली झाली की सोडून जात्यात."

वकीलबाई म्हणायच्या, अमेरिकेत यासाठी निराळी कोर्टं आहेत. पहिलं १९८९ साली मायामीत निघालं. तिथं न्यायाधीश एकाच माणसाला पुन्हा पुन्हा समोर बोलावतात, लघवीची तपासणी, समुपदेशक, सगळा ताफा असतो. आपल्याकडं एनडीपीएसची विशेष न्यायालयं आहेत, पण ती मोठे खटले चालवायला. आमच्या मॅडमकडं ताफा नव्हता. एक कलम, एक पेन आणि समोर सत्तर प्रकरणांचा बोर्ड.

चौथ्या तारखेच्या आदल्या आठवड्यात मिरजेचा उरूस होता. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला म्हणून गेला, पहाटे आला. डोळे बघून मला कळलं. आता हळदीवर ढकलता येत नव्हतं. रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला सांगितलं, "कोर्टात गप्प बसायचं. विचारलं तर बरं चाललंय म्हणायचं." तीस वर्षं खरा हिशोब लिहिणारा माणूस मी.

पुकारा झाला. मॅडमनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, उरुसात ओढलो. दोनदा."

मी मान खाली घातली. आता बंधपत्र मोडलं, आत घालणार. मॅडमनी विचारलं, "गोळ्या?" "न्हाय." "पैसे कुणाचे?" "मित्राचे." "त्याच्याबरोबर परत येताना काय वाटलं?" यावर तो रडला. कोर्टात, सगळ्यांसमोर. मॅडमनी त्याला पाणी द्यायला लावलं. मग कडक आवाजात, हे फिरून घडलं तर शिक्षा सुनावीन, असं बजावलं, आणि सहा आठवड्यांऐवजी पंधरा दिवसांची तारीख दिली. जाताना मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. बाकी काही बोलल्या नाहीत.

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि मॅडमची बदली झाली. आम्हाला पुकारा झाल्यावर कळलं. खुर्चीवर नवे साहेब, तरुण. पोरगं दारातच थबकलं. इस्त्रीचा शर्ट घालून आलेलं. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. पण नव्या साहेबांनी प्रकरण उघडून दोन मिनिटं वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घाटाकडं जातोस का अजून?" सगळं लिहून ठेवलेलं होतं.

वर्ष भरायच्या आत रुग्णालयाचा अहवाल गेला. साहेबांनी ताकीद देऊन, दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडलं. कायद्यात तीन वर्षांपर्यंत मुभा आहे. त्या मुदतीत पुन्हा सापडला तर शिक्षेसाठी बोलावणं येणार. त्यातले सात महिने अजून राहिलेत. तो सध्या कुपवाडला एमआयडीसीत लेथवर आहे, आयटीआयचे उरलेले पेपर देतोय. दोन शनिवारांआड रुग्णालयात जातो. पगार आईच्या हातात देतो, आणि त्यातून मोबाईलच्या हप्त्यावरून भांडतो.

मागच्या महिन्यात निकालाची नक्कल काढायला गेलो तेव्हा रोजनाम्याचीही मागितली. हिशोबनिसाची खोड. बाकड्यावर बसून वाचली. दर तारखेला तेच, "आरोपी हजर. वडील हजर. दवाखान्याचं पत्र दाखल." एका तारखेला मात्र मी नव्हतो. मार्च, सौदे जोरात, शेठनी सोडलं नाही. त्या संध्याकाळी पोरगं म्हणालं होतं, जाऊन आलो. मी मान हलवली, आणि तो झोपल्यावर बसचं तिकीट सापडतंय का म्हणून त्याची पँट चाचपली. तिकीट नव्हतं. तेव्हापासून ती एक तारीख माझ्या मनात खाडाखोड केल्यासारखी होती, त्याला कधी विचारलं नाही.

रोजनाम्यात लिहिलं होतं, "आरोपी एकटा हजर. चालत आला. वडिलांना कळवण्याची गरज नाही असे म्हणतो."